नावं ठेवायला जागा

करवीर क्षेत्र काशीपेक्षा जवभर सरस आहे, असं आमच्याकडचे भाविक मानतात. कोल्हापूरला दक्षिण काशी म्हणतात ते उगीच नाही. कोल्हापूरकराचा स्वभाव बघता तिकडच्या काशीला उत्तर करवीर का म्हणत नाहीत, एवढाच प्रश्न उरतो. पूर्वी लेकी उजवल्या, सुना आल्या, की मराठी माणसं काशीवासाला निघायची. गंगेकाठी दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागात मराठी कुटुंबांची वस्तीच होती. जवभराच्या आघाडीवर असलेल्या आमच्या लोकांना एवढ्या लांब जाण्याचं कारण नव्हतं. अगदीच विरक्ती आली तर माणूस नृसिंहवाडीला दत्ताच्या सेवेत जाऊन राही, म्हणजे जिल्ह्याच्या हद्दीतच. बाकीच्यांची म्हातारपणं घरच्या सोप्यात आणि तालमीच्या कट्ट्यावर पार पडली. उतारवयात कुठं राहायचं, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं.

आता विचारतात. आमचा मुलगा पुण्यात असतो. तो दर रविवारी फोन करतो आणि सोमवारी एक माहितीपत्रक पाठवतो. पुण्यात ‘अथश्री’सारख्या खास ज्येष्ठांसाठी बांधलेल्या वसाहती आहेत, नेरळला डिग्निटी फाउंडेशनची आहे, तिकडं तमिळनाडूत कोइमतूर तर या गोष्टीसाठी नावारूपालाच आलंय. “बाबा, आत्ता जायचं असं नाही, बघून ठेवा फक्त,” असं तो म्हणतो. त्याच्या आवाजात काळजी असते हे कळतं, म्हणून आम्हीही बघतो. पत्रकांतली जोडपी खरोखर बघण्यासारखी असतात. केस पांढरेशुभ्र, दात सगळे जागच्या जागी, हातात फळांचा रस, आणि हसू असं की पेन्शनचा फरक आजच जमा झाला असावा. “अहो, ही दोघं पंचाहत्तरची असतील तर मी सोळाची,” हिनं पहिलं पत्रक बघून निकाल दिला.

पण विषय घरात आला तो आलाच. राज्यातली साठीपुढची माणसं २०११ च्या जनगणनेतच दर शंभरात जवळपास दहा होती. सकाळी रंकाळ्यावर चक्कर मारली तर ती सगळी इकडंच राहायला आलीत असं वाटतं. आमच्या गल्लीत तर दर दोन घरांआड एक घर ‘दोघंच असतात’ या सदरातलं. तेव्हा आपल्या गावाच्या आसपास काय मिळतंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, असं ठरलं.

कोल्हापुरात जागा बघताना पहिला प्रश्न दिशेचा नसतो, वास्तुशास्त्राचाही नसतो. “पाणी कुठंवर आलंतं?” हा असतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. २०१९ आणि २०२१ साली नदी पंचावन्न फुटांच्या वर गेली, तेव्हा वर्षानुवर्षं कोरडं राहिलेल्या लोकांचा गर्वही वाहून गेला. त्यामुळे ‘नदीकाठच्या निसर्गरम्य परिसरात’ असं वाचलं की बाहेरचा माणूस खूश होतो आणि आम्ही पान उलटतो. सत्तरीत माडीवरून बोटीत उतरणं हा निसर्गाचा आनंद नव्हे. मग कुणी सांगतं, पन्हाळ्याला बघा, हवा काय आहे! हवा आहेच. पण पावसाळ्यात धुकं असं की समोरचा माणूस आपली बायको आहे हे आवाजावरून ओळखावं लागतं, आणि २०२१ च्या जुलैत तर वर जायचा रस्ताच खचला होता. रात्री छातीत दुखलं तर सीपीआर रुग्णालयापर्यंत किती वेळात पोचू, हा हिशेब या वयात हवेच्या आधी करावा लागतो.

पाणी आणि दवाखाना यातून पार झालेली ठिकाणं आम्ही बघत गेलो. दाखवणारी मंडळी कमालीची नम्र असतात. ती सगळ्यात आधी बाथरूम दाखवतात. आम्ही आयुष्यात बरीच घरं बघितली, पण बाथरूमपासून सुरुवात झालेली ही पहिलीच. न घसरणारी फरशी, कमोडशेजारी धरायला दांडी, ओढलं की बाहेर घंटा वाजेल अशी दोरी. हसू येतं खरं, पण या वयातली निम्मी हाडं न्हाणीघरात मोडतात हे आपल्याच नात्यागोत्यावर नजर टाकली तरी पटतं. महारेरानं २०२४ साली ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना नियमच घालून दिले. इमारत एका मजल्याहून उंच असली की लिफ्ट हवी, दारं चाकाची खुर्ची जाईल एवढी, म्हणजे किमान ९०० मिलिमीटर रुंद हवीत, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा हवा आणि एका टप्प्यात बाराहून जास्त पायऱ्या नकोत. हे मी घरी वाचून दाखवत होतो तेव्हा मला आमचा शिवाजी पेठेतला जुना वाडा आठवला. त्याच्या जिन्याला उजेड नव्हता, कठडा नव्हता, वरून सोडलेला एक दोर होता; आणि पायऱ्या अशा उभ्या की चढताना गुडघा छातीला लागायचा. माझी आजी तो जिना शेवटपर्यंत दिवसातून कितीदा तरी चढली. नियमाप्रमाणे तो जिना बेकायदा आणि आजी अशक्य होती.

हिचा आक्षेप मात्र बाथरूमला नव्हता, लिफ्टला नव्हता. खोलीच्या कोपऱ्यात एक ओटा, एक विजेची शेगडी आणि वर दोन फळ्या होत्या. दाखवणारी मुलगी म्हणाली, “काकू, इथं तुम्ही चहा-कॉफी करू शकता.” हिनं फळ्यांची उंची, रुंदी डोळ्यांनी मोजली आणि विचारलं, “आणि चटणी कुठं ठेवायची?” मुलगी पुण्याकडची असावी. तिला वाटलं, काकू वाटीभर खोबऱ्याच्या चटणीबद्दल बोलताहेत. कोल्हापुरात चटणी म्हणजे वर्षाची चटणी. उन्हाळ्यात मिरच्या आणायच्या, ब्याडगी किती आणि संकेश्वरी किती यावर जावाजावांनी भांडायचं, कांदा, लसूण, खोबरं, खडा मसाला भाजायचा, डंकावर उभं राहून कांडून आणायची आणि बरणीत दाबून भरायची. ती बरणी त्या फळीवर मावत नव्हती. “जेवण सगळं मेसमध्येच असतं, काकू. कमी तेल, कमी तिखट, सात्त्विक,” मुलगी धीर देत म्हणाली. परतताना रिक्षात ही एकच वाक्य बोलली, “बुधवार, शुक्रवार, रविवारचं मी तिला विचारलंसुद्धा नाही.” तांबडा-पांढरा हा शब्द तिथं उच्चारणं आम्हा दोघांनाही प्रशस्त वाटलं नव्हतं.

मग अर्ज वाचायचे. या वयात चष्मा लावून वाचण्यासारखं वाङ्मय दोनच, औषधाच्या पुडक्यातला कागद आणि वृद्धनिवासाची नियमावली. एका अर्जावर ‘स्थानिक पालकाचे नाव व सही’ असा रकाना होता. आमच्या रंकाळ्याच्या कंपूत एक निवृत्त हेडमास्तर आहेत. “आयुष्यभर पोरांना सांगितलं, उद्या पालकांना घेऊन ये. आता मलाच कुणीतरी म्हणालंय,” ते म्हणाले. पण हसत हसत पुढं वाचावं तर खरी मेख सापडते. प्रवेशाच्या वेळी माणूस स्वतःची कामं स्वतः करणारा हवा, आणि अंथरुणाला खिळल्यास नातेवाइकांनी घेऊन जावं, असं अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं. काशीत मुक्तिभवन म्हणून वास्तू आहे, तिथं साधारण पंधरा दिवसांसाठी खोली मिळते, अट एवढीच की माणूस मरणाच्या दारात हवा. इकडं अट उलटी, माणूस दारापासून पुष्कळ लांब हवा. म्हातारपणाची सोय आहे, फक्त फार म्हातारं व्हायचं नाही.

पैशांचंही तसंच. खोली विकत मिळते, भाड्यानं मिळते की हयातीपुरती राहायला मिळते. डिपॉझिट परत येतं की त्यातून दरवर्षी काही कापलं जातं. जेवण आणि देखभाल वेगवेगळी की एकत्र. महिन्याची रक्कम दरवर्षी किती वाढणार. दोघांतलं एक गेलं तर मागं राहिलेल्याची खोली बदलणार का. आणि पुढं वारसांना जागा मिळाली तरी साठीच्या आत तिथं राहता येईल का. हे सगळे प्रश्न विचारताना समोरच्याला संकोच होतो आणि आपल्याला तर होतोच. मी ते कागदावर लिहून नेत असे आणि ही वाचून दाखवत असे, कारण ही शिक्षिका, आणि शिक्षिकेनं विचारलं की लोक उत्तर देतात.

रंकाळ्यावर या कागदाची रोज चर्चा व्हायची. आमच्यात प्रांत ऑफिसातून निवृत्त झालेले एक अव्वल कारकून आहेत. त्यांना २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा तोंडपाठ. स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या आई-वडिलांना मुलांकडून महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो, अर्ज प्रांतांकडं करायचा. सांभाळण्याच्या अटीवर घर पोराच्या नावावर करून दिलं आणि पोरानं सांभाळलं नाही, तर कलम २३ खाली ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. “पण अट कागदात पाहिजे बरं का! तोंडी मायेला पुरावा नसतोय,” असं ते बजावतात. याच कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठांसाठी एक तरी वृद्धाश्रम असावा असंही म्हटलंय. यावर हेडमास्तरांनी हिशेब घातला. जिल्ह्याची लोकसंख्या २०११ सालीच अडतीस लाखांच्या वर. “म्हणजे दीडशेजणांची सोय सरकारनं बघायची आणि उरलेल्यांनी एकमेकांच्या तोंडाकडं बघायचं. चला, चहा घेऊया.”

हे चालू असताना एका ठिकाणी आम्ही गेलो. बाग, मंदिर, वाचनालय, सगळं उत्तम. दिवाणखान्यात आठदहा मंडळी बसली होती, व्यवस्थापक आमच्या बरोबर उभे. कसं आहे म्हणून विचारलं. “छान आहे.” जेवण? “छान आहे.” बाकी? “सगळं छान आहे.” एकाही माणसाला एकही उणीव सापडली नव्हती. आठदहा मराठी माणसं एका छताखाली आणि आमटीबद्दल एकमत! बाहेर पडल्यावर हिच्या अंगावर काटा आलेला मी बघितला.

दुसऱ्या ठिकाणी इमारत साधी होती. व्हरांड्यात एक आजी मेथी निवडत बसल्या होत्या. आम्ही विचारायचा अवकाश, त्या सुरू झाल्या. “आमटी? हळदीचं पाणी! भात गिचका करतात. टीव्हीवर ते म्हातारं रोज बातम्या लावतंय, आमची मालिका बुडती. आणि ती मेथी बघा कसली आणलीया, निम्मी काडीच. सांगून सांगून दमले, ऐकंल तर शपथ.” तेवढ्यात मॅनेजरबाई तिथून चालल्या होत्या. थांबून म्हणाल्या, “आजी, मेथीचं झालं का सांगून? लाइट गेलं होतं तेही सांगा की.” आजी म्हणाल्या, “त्याच्यावरच येणार हुते.” दोघी हसल्या आणि बाई आत गेल्या. मी हिच्याकडं बघितलं. आजवर बघितलेल्या कुठल्याही न घसरणाऱ्या फरशीनं तिच्या चेहऱ्यावर एवढं समाधान आणलं नव्हतं. ती आजींच्या शेजारी बसली आणि मेथी निवडायला लागली.

तेव्हापासून मी या गोष्टीचा विचार करतोय. आपण नावं कुठं ठेवतो? स्वतःच्या घरात. पाहुणे म्हणून गेलो की आमटी कशीही असली तरी दुसऱ्यांदा मागून घेतो. मुलाकडं आम्ही जातो तेव्हा फार आनंदात असतो. सूनबाई गुणाची. ती पास्ता करते, आम्ही ‘छान झालाय’ म्हणतो. टीव्हीचा रिमोट ती आपणहून हातात देते, आम्ही आपणहून परत ठेवतो. दोन्हीकडून सौजन्याची अशी पराकाष्ठा होते की चार दिवसांत माझी मान अवघडते. परतीच्या गाडीत कराड मागं पडेपर्यंत ही गप्प असते. मग किणीचा टोलनाका येतो आणि हिचा पहिला शेरा येतो, तो कुकरच्या शिट्टीबद्दल असतो. तिथून कोल्हापूर येईपर्यंत ती घरी आलेली असते. मुलाच्या घरात आम्हाला काही कमी नसतं. फक्त तिथं आम्हाला चांगलंच वागावं लागतं, आणि उरलेलं सगळं आयुष्य चांगलं वागत काढायचं हे काही खाऊ नाही.

कोल्हापूरनं नावं ठेवण्याची ही गरज फार पूर्वी ओळखली होती. पैलवान थकला, कुस्ती सुटली, म्हणून त्याला इथं कुणी घरी बसवत नाही. त्याचा वस्ताद होतो. तालमीत हौद्याच्या कडेला बसायचं आणि आतल्या पोरांना नावं ठेवायची, हे त्याचं काम. “पाय कुठं गेला तुझा? जेवला न्हाईस काय?” शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून घेतलेल्या खासबाग मैदानात ऐन कुस्तीपेक्षा कडेच्या जुन्या पैलवानांचे शेरे ऐकायला मजा येते. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना असला की पेठापेठांतले आजोबा पंचाला इतकं काही सांगतात की शिट्टी त्यांच्याच हातात द्यावी. या माणसांचे गुडघे गेलेत, दात गेलेत, पण त्यांचं मत कुणी काढून घेतलेलं नाही.

अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात १९६० साली सन सिटी नावाचं निवृत्तांचं आख्खं गाव वसलं. गोल्फ, तलाव, क्लब, सगळं मोठं हौसेचं. मात्र लहान मुलांनी तिथं कायमचं राहायचं नाही. शांतता मिळाली असणार, पण अंगणात बॉल आला म्हणून ओरडायचं कुणावर? त्यापेक्षा नेदरलँड्समधल्या देव्हेंटर गावच्या ह्युमनितास वृद्धनिवासाची रीत मला आवडते. तिथं कॉलेजची काही मुलं फुकट राहतात, बदल्यात महिन्याला तीस तास त्यांनी आजी-आजोबांचे चांगले शेजारी व्हायचं. तीस तास तरुण पोरं समोर बसलेली, त्यांचे केस, कपडे आणि झोपेच्या वेळा यांवर बोलायला पूर्ण मुभा! आमच्याकडं शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात खोल्या शोधत फिरणारी पोरं थोडी नाहीत. एखाद्या वृद्धनिवासानं त्यांच्यासाठी चार खोल्या ठेवल्या, तर दोन्ही बाजूंना वस्ताद आणि पठ्ठे मिळतील.

अर्थात निवड करत हिंडणं हीसुद्धा चैन आहे, याची जाणीव या फेऱ्यांत वारंवार झाली. राज्यात १९९५ साली मातोश्री वृद्धाश्रम योजना आली. त्या नावाचा आश्रम कोल्हापुरातही आहे. अशा आश्रमांच्या पायरीवर येणाऱ्या अनेकांच्या हाती माहितीपत्रक कधी पडलेलंच नसतं. त्यांच्यासाठी जागा कुणीतरी दुसऱ्यानं ठरवलेली असते, बहुतेकदा दवाखान्यातून परस्पर. तिथं जे मिळेल त्याला चांगलं म्हणण्यावाचून गत्यंतर नसतं. म्हणून माझं समवयस्कांना सांगणं आहे की हे बघणं पाय चालताहेत, डोळे दिसताहेत आणि तोंडातून ‘नको’ हा शब्द खणखणीत निघतोय तोवर करावं. मुलांनीही पत्रकं पाठवण्यापेक्षा आई-बापांबरोबर एकदा हिंडावं आणि त्यांनी सात ठिकाणं नाकारली तर आनंद मानावा. नाकारणारा माणूस अजून शाबूत आहे.

आणि बघायला गेलात की पाणी, दवाखाना, दांडी, डिपॉझिट हे सगळं तपासाच. पण एक गोष्ट त्याच्याही वर ठेवा. तिथल्या माणसांना एकटं गाठा आणि तक्रार काय आहे ते विचारा. काही नाही म्हणाली, तर समजा की ती अजून पाहुणी आहेत किंवा घाबरलेली आहेत. भरभरून सांगायला लागली तर पुढचं बघा, तक्रार ऐकणारं कुणी आहे का आणि ऐकून त्याचं तोंड कडू होतं का. तक्रार करून माणूस मोकळा होतो की बेघर, यावरून ती जागा कळते.

मेथीवाल्या आजींच्या तिथं चार दिवस राहून बघायची सोय होती. आम्ही राहिलो. पहिल्या दिवशी हिनं सगळं गोड मानून घेतलं, तेव्हा मला धाकधूक वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे आले. हिनं एक घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन आतल्या मुलाला मोठ्यानं म्हणाली, “बाळ, पोहे भिजवलेत का धुऊन वाळत घातलेत?” आतून उत्तर आलं, “आज्जी, उद्या तुमीच या की करायला!” ही परत येऊन बसली, पोहे संपवले आणि पदराला हात पुसत म्हणाली, “अहो, डिपॉझिटचं बोलून घ्या. आणि फळी वाढवून देतात का विचारा, बरणीचं माप माझ्याकडं आहे.”